युटाचं मत कुणाला गेलं?

८ नोव्हेंबर २०१६ रोजी युटा राज्याने अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी कुणाला कौल दिला, याचं उत्तर निकालाच्या तक्त्यात एका ओळीत सापडतं : डोनाल्ड ट्रम्प, सहा इलेक्टोरल मतं. या ओळीने विषय संपतो असं मानणारी एक बाजू आहे. ती ओळ अपुरी आहे, असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडे वादात आधी पूर्वपक्षाला पुरतं बोलू देतात आणि मग उत्तरपक्ष मांडतात. हा संवाद त्याच रीतीने लिहिला आहे. आक्षेपक कल्पिलेला आहे, त्याचे आक्षेप मात्र खरे आहेत. त्यांतले काही मला मान्य करावे लागले, आणि ते मी जागच्या जागी कबूल केलं आहे.

आक्षेपक : मुद्दा साधा आहे. युटा हे अमेरिकेतल्या सर्वांत पुराणमतवादी राज्यांपैकी एक. १९६४ साली लिंडन जॉन्सन यांना निवडल्यानंतर या राज्याने डेमोक्रॅटिक उमेदवाराला पुन्हा कधी जिंकू दिलेलं नाही. निक्सन, फोर्ड, रेगन, थोरले बुश, डोल, धाकटे बुश, मॅकेन, रॉम्नी... माणसं बदलली, पक्ष बदलला नाही. २०१६ मध्ये ट्रम्प उभे राहिले आणि हिलरी क्लिंटन यांना १८ टक्क्यांनी मागे टाकून जिंकले. आपल्या लोकसभेच्या मतदारसंघात जशी सर्वाधिक मतं मिळवणाऱ्याची सरशी होते, तसंच तिथल्या बहुतेक राज्यांत चालतं : पहिला आला त्याच्या पदरात राज्याची सगळी इलेक्टोरल मतं पडतात. मग युटा त्या वर्षी वेगळं वागलं, हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता? टक्केवारी घटली एवढंच ना? ती दर निवडणुकीत खाली-वर व्हायचीच. राज्य ज्या वाटेने पन्नास वर्षं गेलं, त्याच वाटेने गेलं.

लेखक : राज्य कुठे गेलं याबद्दल आपला वाद नाही. माणसांची मतं कुठे गेली, ते आधी बघू. २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांना युटात ७२.८ टक्के मतं होती, म्हणजे ७ लाख ४० हजारांच्या घरात. चार वर्षांनी त्याच पक्षाच्या उमेदवाराला मिळाली ४५.५ टक्के, म्हणजे ५ लाख १५ हजार. मधल्या काळात एकूण मतदान लाखाहून अधिक वाढलं होतं, तरी पक्षाच्या पदरातली सव्वादोन लाख मतं कमी झाली. ही मतं क्लिंटन यांच्याकडे गेली म्हणावं, तर त्यांना मिळाली २७.५ टक्के, ३ लाख १० हजार. ओबामांना २०१२ मध्ये मिळालेल्या मतांपेक्षा साठेक हजारांनी जास्त, आणि टक्क्यांच्या हिशेबाने ओबामांच्या २००८ मधल्या ३४ टक्क्यांपेक्षा बरीच कमी. मग उरतो तिसरा उमेदवार. इव्हन मॅकमलिन नावाच्या अपक्षाला २१.५ टक्के, २ लाख ४३ हजार मतं पडली. कुठल्याही एका राज्यात तिसऱ्या उमेदवाराने इतका मोठा वाटा १९९२ मधल्या रॉस पेरो यांच्यानंतर घेतलेला नव्हता. एकूण बेरजांवरून एकेका मतदाराचा प्रवास सांगता येत नाही, हे मी जाणतो. पण एका खान्यातून सव्वादोन लाख मतं कमी व्हावीत आणि शेजारच्या नव्या खान्यात जवळपास तितकीच दिसावीत, याला नेहमीची खाली-वर म्हणता येणार नाही.

आणि याहून बोलका पुरावा त्याच दिवशीच्या त्याच मतपत्रिकेवर आहे. सिनेटसाठी उभे असलेले रिपब्लिकन माइक ली यांना ६८ टक्के मतं मिळाली. गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन गॅरी हर्बर्ट यांना ६६ टक्क्यांहून अधिक. प्रतिनिधीगृहाच्या चारही जागा त्याच पक्षाने राखल्या. म्हणजे युटाचा मतदार त्या दिवशी पुरोगामी झालेला नव्हता, पक्षावर रुसलेलाही नव्हता. पक्षाच्या इतर उमेदवारांपुढे त्याने मुकाट खूण केली आणि सगळ्यांत वरच्या नावापाशी तो थांबला. ली आणि ट्रम्प यांच्यात बावीस-तेवीस टक्क्यांचं अंतर एका कागदावर पडलं. ज्यांनी हे अंतर पाडलं त्या माणसांचा विचार केल्याशिवाय ‘युटाने ट्रम्प यांना मत दिलं’ हे वाक्य मला पुरं वाटत नाही.

या कागदाकडे जरा जवळून बघायला हवं. युटात तेव्हा एका खुणेत पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देण्याची सोय होती. रिपब्लिकन पक्षापुढचा एक गोल काळा केला की अध्यक्षापासून खालच्या पदापर्यंत सगळी मतं पक्षाला. मॅकमलिन अपक्ष होते. त्यांच्यासाठी असा गोल नव्हता. त्यांना मत द्यायचं तर अध्यक्षपदाच्या यादीत त्यांचं नाव हुडकून त्यापुढे वेगळी खूण करावी लागे. शिवाय त्यांच्या नावाखाली उपाध्यक्षपदासाठी छापलेलं नाव त्यांच्या खऱ्या जोडीदाराचं नव्हतं. अर्ज भरण्याच्या घाईत तात्पुरतं दिलेलं नाव तसंच राहून गेलं होतं. इतक्या अर्धवट तयारीच्या उमेदवारापुढे अडीच लाखांच्या आसपास लोकांनी ठरवून खूण केली. सवयीने किंवा चुकून पडणारं हे मत नव्हे.

आक्षेपक : ठरवून केली, हे मान्य. पण कशासाठी ठरवून केली, ते तुम्ही सोयीस्करपणे बाजूला ठेवता. युटात तेव्हा दहापैकी सहाच्या आसपास लोक मॉर्मन पंथाचे होते. रॉम्नी मॉर्मन होते, त्यामुळे २०१२ चा आकडा मुळातच फुगलेला. त्याच्याशी तुलना करून घसरण मोठी दाखवणं बरोबर नाही. आणि मॅकमलिन कोण? प्रोव्होत जन्मलेले, ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकलेले, मॉर्मनच. आपला माणूस दिसला, आपल्या लोकांनी मत दिलं. याला जातीचं मतदान म्हणतात. आपल्याला ते चांगलं ओळखता येतं. त्यात सदसद्विवेक शोधायला जाऊ नये.

लेखक : पहिल्या भागाला उत्तर आकड्यांतच आहे. रॉम्नी बाजूला ठेवा. २००४ मध्ये टेक्सासचे मेथडिस्ट जॉर्ज बुश यांना युटात ७१.५ टक्के होते. १९८४ मध्ये रेगन यांना ७४ टक्क्यांहून अधिक. यांपैकी कुणीही मॉर्मन नव्हतं. मॅकेन यांना २००८ च्या पडत्या काळातही ६२ टक्के होते. म्हणजे ट्रम्प यांची घसरण रॉम्नींच्या तुलनेतच दिसते असं नाही, ती कुणाशीही ताडून पाहिली तरी दिसते. ४५ टक्क्यांच्या खाली रिपब्लिकन पक्ष गेला होता तो १९९२ मध्ये, पेरो उभे होते तेव्हा. त्या वर्षी तर बिल क्लिंटन युटात तिसऱ्या क्रमांकावर गेले होते. तिसऱ्या पर्यायाकडे वळण्याची ओढ या राज्यात आधीपासून आहे, एवढं त्यावरून कळतं. आणि पेरो मॉर्मन नव्हते, हेही लक्षात घ्या.

‘आपला माणूस’ या म्हणण्याला अधिक वजन आहे, म्हणून त्यावर थांबतो. मॅकमलिन यांनी उमेदवारी जाहीर केली ती ८ ऑगस्ट २०१६ रोजी. त्याआधी ते सीआयएमध्ये होते, नंतर प्रतिनिधीगृहातल्या रिपब्लिकन गटाचे धोरण-संचालक; सर्वसामान्य मतदाराला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. पण युटाची नापसंती ऑगस्टची नव्हती. २२ मार्चला रिपब्लिकन पक्षाची उमेदवार-निवड झाली, तेव्हा टेड क्रूझ यांना ६९ टक्के, जॉन केसिक यांना १७ टक्के आणि ट्रम्प यांना १४ टक्के मतं पडली. क्रूझ सदर्न बॅप्टिस्ट. म्हणजे आपला माणूस रिंगणात नसताना, परक्या पंथाच्या माणसाला निवडून, युटाच्या रिपब्लिकन मतदाराने ट्रम्प यांना तिसऱ्या क्रमांकावर बसवलं होतं. त्याच मार्चच्या ३ तारखेला रॉम्नी यांनी सॉल्ट लेक सिटीत युटा विद्यापीठात भाषण करून ट्रम्प यांना भोंदू ठरवलं होतं. १८ तारखेला ट्रम्प त्याच शहरात आले आणि रॉम्नी खरोखर मॉर्मन आहेत का, अशी शंका भर सभेत काढून गेले. चार दिवसांनी मतदान झालं. नापसंती आधी होती; मॅकमलिन हे तिला पाच महिन्यांनी मिळालेलं नाव.

तुमचं म्हणणं जिथे बरोबर आहे तेही सांगतो. देशभर मॅकमलिन यांना अर्धा टक्कासुद्धा जेमतेम मिळाला. ज्या प्रोव्हो शहरात ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे, त्या युटा काउंटीत ते सुमारे ३० टक्क्यांवर गेले आणि क्लिंटन यांना मागे टाकून दुसरे आले. शेजारच्या आयडाहोत राज्यभर त्यांना सात टक्क्यांच्या आत मतं, पण मॉर्मन वस्तीच्या मॅडिसन काउंटीत पुन्हा सुमारे ३०. राज्याची सीमा ओलांडली तरी मत पंथाच्या मागे गेलं, याहून स्पष्ट पुरावा नको. पंथाने उमेदवाराला ओळख दिली, विश्वास दिला, दारोदार फिरायला माणसं दिली. हे नाकारून माझा मुद्दा सिद्ध होणार नाही. पण जातीचं मतदान म्हणजे आपल्या माणसाला सत्ता मिळावी म्हणून दिलेलं मत. मॅकमलिन अध्यक्ष होणार नाहीत हे त्यांना मत देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पन्नासपैकी अकरा राज्यांच्या मतपत्रिकांवरच त्यांचं नाव होतं. देणारा काही मागत नव्हता. नकार द्यायला त्याला एक खात्रीची जागा हवी होती, आणि ती ओळखीच्या अंगणात मिळाली.

आक्षेपक : ‘नकार’ म्हणता, पण कशाला नकार? अमेरिकेत धर्मनिष्ठ पुराणमतवादी काही फक्त युटात राहत नाहीत. नीती, कुटुंब, गर्भपात, न्यायाधीशांच्या नेमणुका यांसाठी देशभरच्या श्रद्धाळू ख्रिस्ती मतदारांनी नाक मुरडत का होईना, ट्रम्प यांना मत दिलं. युटाच्या श्रद्धेला वेगळे अंकुर फुटले, असं तुम्हाला म्हणायचं आहे का?

लेखक : वेगळी स्मृती आहे, असं म्हणायचं आहे. त्या वर्षीच्या मतदानोत्तर पाहण्यांत गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्त्यांपैकी दहात आठांनी ट्रम्प यांना मत दिल्याचं दिसलं, म्हणजे रॉम्नींना दिलं होतं तितकंच किंवा थोडं जास्तच. मॉर्मनांमध्ये मात्र रॉम्नींचे ७८ टक्के ट्रम्प यांच्यापर्यंत ६१ वर आले. गर्भपाताबद्दल, कुटुंबाबद्दल दोघांची मतं फारशी वेगळी नाहीत. मग फरक कुठून आला?

७ डिसेंबर २०१५ रोजी ट्रम्प यांनी मुसलमानांना अमेरिकेत येऊ देणं पूर्णपणे थांबवावं, असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सॉल्ट लेक सिटीतल्या मॉर्मन चर्चने एक निवेदन काढलं. त्यात उमेदवाराचं नाव नव्हतं. राजकीय पक्षांबाबत आपण तटस्थ आहोत, पण धर्मस्वातंत्र्याबाबत नाही, एवढं म्हणून पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची दोन जुनी वचनं त्यात दिली होती. एक १८४३ चं : इतर पंथांच्या माणसांच्या हक्कांसाठीही आपण प्राण द्यायला तयार असलं पाहिजे, अशा अर्थाचं. दुसरं १८४१ मध्ये नॉव्हू नगरीने केलेल्या ठरावातलं. त्यात कॅथलिक, बॅप्टिस्ट, क्वेकर यांच्याबरोबर मुसलमानांचंही नाव घेऊन सर्वांना सारखं संरक्षण दिलेलं होतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, इलिनॉयमधल्या एका नदीकाठच्या गावात, जिथे मुसलमान माणूस कुणी पाहिलाही नसेल, तिथे हा शब्द ठरावात आला. का आला, ते समजून घेतल्याशिवाय २०१६ समजत नाही.

हे लोक नॉव्हूला आले ते मिसुरीतून हाकलले गेल्यावर. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मिसुरीचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी लेखी हुकूम काढला की मॉर्मनांना शत्रू समजावं, त्यांना राज्याबाहेर घालवावं नाहीतर नामशेष करावं. कुठल्या जमावाने भडकून दिलेली ही आरोळी नव्हती. निवडून आलेल्या गव्हर्नरने सहीनिशी काढलेला आदेश होता. तो औपचारिकपणे मागे घेतला गेला १९७६ मध्ये. नॉव्हूतही त्यांना फार दिवस राहता आलं नाही. १८४४ मध्ये जोसेफ स्मिथ स्वतः अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार असताना कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांना गोळ्या घातल्या. मग ब्रिगहॅम यंग यांच्या मागोमाग हा समाज गाड्या हाकत तेव्हाच्या अमेरिकेच्या हद्दीबाहेर, मेक्सिकोच्या ताब्यातल्या खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात गेला. २४ जुलै १८४७ हा तिथे पोचल्याचा दिवस युटा आजही सार्वजनिक सुट्टी देऊन साजरा करतं. एखाद्या धर्माच्या माणसांना धर्म पाहून बाहेर ठेवा, असं कुणी म्हटलं की ते वाक्य या समाजाला आपल्या घराण्याच्या कागदपत्रांतून ओळखीचं वाटतं. त्यात अठरा-एकोणीस वर्षांची मुलं-मुली धर्मप्रचारासाठी दीड-दोन वर्षं परमुलखात राहून, तिथली भाषा शिकून येतात. २०१० मध्ये स्थलांतरितांबद्दल मवाळ धोरण मागणारा ‘युटा कॉम्पॅक्ट’ याच राज्यात झाला. २०१५ मध्ये सीरियन निर्वासितांना दारं बंद करण्याची भाषा बहुतेक रिपब्लिकन गव्हर्नर करत होते, तेव्हा हर्बर्ट यांचा सूर वेगळा होता. हे सगळं पुराणमतवादाला सोडून नाही, त्याच्या पोटातलंच आहे.

आक्षेपक : ही गोष्ट फार गोड झाली. छळ सोसला म्हणून माणसं सहिष्णू होतात, हा नियम इतिहासात कुठे टिकतो? १८५७ मध्ये माउंटन मेडोजला याच समाजातल्या सशस्त्र माणसांनी वाटसरूंच्या तांड्यातली सुमारे १२० माणसं मारली. याच चर्चने १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना पौरोहित्य नाकारलं. ती स्मृती तेव्हा कुठे होती? आणि खरं सांगायचं तर चर्चने निवेदन काढलं, लोकांनी ऐकलं. हा आज्ञाधारकपणा झाला.

लेखक : माउंटन मेडोज आणि १९७८, दोन्ही खरे आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय या समाजाबद्दल लिहू नये. स्मृती आपोआप माणसाला चांगलं करत नाही. ती कधी सूडाकडे नेते, कधी कोषात. मिसुरीची आठवण १८५७ मध्ये भीती आणि सूड होऊन बाहेर आली, हे नाकारता येत नाही. माझा दावा त्याहून छोटा आहे. २०१५-१६ मध्ये कुणीतरी ती आठवण उचलून आजच्या प्रश्नाशेजारी ठेवली, आणि ठेवल्यावर ती लोकांना पटली. पटायला आधी ती त्यांच्याजवळ असावी लागते. मिसिसिपीत किंवा अलाबामात तेच निवेदन कुणी काढलं असतं तर त्याच्या हाताला लागेल असा १८३८ चा कागद तिथे नव्हता.

आज्ञाधारकपणाचं म्हणाल तर युटाचा इतिहास उलटं सांगतो. १९३६ मध्ये चर्चच्या मालकीच्या ‘डेझरेट न्यूज’ने पहिल्या पानावर फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याविरुद्ध लिहिलं, चर्चचे अध्यक्ष हीबर ग्रँट त्यांचे उघड विरोधक होते. युटाने रूझवेल्ट यांना ६९ टक्के मतं दिली. १९३३ मध्ये दारूबंदी उठवणाऱ्या घटनादुरुस्तीला मंजुरी देणारं छत्तिसावं, म्हणजे निर्णायक राज्य युटाच होतं, आणि तेही चर्चच्या इच्छेविरुद्ध. रिपब्लिकन पक्षाशी या समाजाचं नातं तर आणखी गुंतागुंतीचं. त्या पक्षाने १८५६ मधल्या आपल्या पहिल्याच राष्ट्रीय जाहीरनाम्यात गुलामगिरी आणि बहुपत्नीत्व यांना रानटीपणाचे जुळे अवशेष म्हटलं होतं. त्यातला दुसरा बाण सरळ युटावर होता. बहुपत्नीत्व सोडल्यावर, १८९६ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला, आणि पहिल्याच अध्यक्षीय मतदानात युटाने डेमोक्रॅट विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना ८२ टक्क्यांहून अधिक मतं दिली. १९१२ मध्ये सगळा देश टाफ्ट यांच्याविरुद्ध गेला असताना त्यांच्या बाजूने फक्त व्हरमाँट आणि युटा उभे राहिले. १९३२ ते १९४८ सलग पाच वेळा डेमोक्रॅट. पक्षनिष्ठा या राज्याच्या रक्तात नाही. ती गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जमली, समान हक्क दुरुस्ती, गर्भपात, कुटुंब या प्रश्नांवर जमली. जमलेलं नातं शर्तींवर असतं. २०१६ मध्ये एक मोठा गट ती शर्त वाचायला बसला.

आक्षेपक : वाचायला बसला, कारण वाचण्यात काही जोखीम नव्हती! क्लिंटन युटात जिंकणारच नव्हत्या. ज्या राज्यात निकाल ठरलेला असतो तिथे विवेक स्वस्त असतो. आणि जिथे किंमत मोजायची वेळ आली तिथे काय झालं? ७ ऑक्टोबरला ट्रम्प यांची स्त्रियांबद्दल हीन भाषेतली चित्रफीत बाहेर आली. काँग्रेसमन जेसन चॅफेट्झ यांनी पाठिंबा काढून घेतला. मी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या नजरेला नजर कशी देऊ, म्हणाले. तीन आठवड्यांच्या आत, २६ ऑक्टोबरला त्यांनीच जाहीर केलं की मत ट्रम्प यांनाच देणार.

लेखक : चॅफेट्झ यांचा दाखला माझ्या बाजूला अडचणीचा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ४५ टक्क्यांतल्या बऱ्याच लोकांचा प्रवास तसाच झाला असावा : आधी संताप, मग क्लिंटन यांची भीती, मग सर्वोच्च न्यायालयातली रिकामी जागा, आणि शेवटी नेहमीचा गोल. म्हणूनच युटाने ट्रम्प यांना झिडकारलं असं मी म्हणत नाही. रिपब्लिकन मतदारांतला मोठा भाग त्यांच्याबरोबर गेलाच.

पण जोखीम नव्हती, हे त्या ऑक्टोबरात कुणाला ठाऊक होतं? चित्रफितीच्या दुसऱ्या दिवशी ‘डेझरेट न्यूज’ने ट्रम्प यांनी बाजूला व्हावं असा अग्रलेख लिहिला. महिन्याच्या मध्यातल्या एका पाहणीत ट्रम्प आणि क्लिंटन दोघेही २६ टक्क्यांवर आणि मॅकमलिन २२ वर होते. पाठोपाठच्या दुसऱ्या पाहणीत मॅकमलिन ३१, ट्रम्प २७. मतं अशी तीन वाटांनी फुटली असताना क्लिंटन तिशीच्या अलीकडेच राज्य घेऊन जाऊ शकल्या असत्या. ऑगस्टमध्येच त्यांनी ‘डेझरेट न्यूज’मध्ये लेख लिहून मॉर्मन मतदाराला साद घातली होती, आणि ट्रम्प यांनी युटात आपल्याला फार त्रास होतोय हे बोलून दाखवलं होतं. रिपब्लिकनांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार माइक पेन्स ऐन शेवटच्या टप्प्यात सॉल्ट लेक सिटीत सभा घ्यायला आले. ठरलेल्या राज्यात उमेदवार असा वेळ घालवत नाहीत. तेव्हा मॅकमलिन यांना मत देणारा माणूस एका खऱ्या शक्यतेसह मत देत होता की त्याला मुळीच नको असलेली उमेदवार यामुळे निवडून येईल. ती शक्यता समोर असताना २१.५ टक्के लोक जागेवर राहिले. स्वतः माइक ली यांनी मॅकमलिन यांना मत दिलं.

आक्षेपक : ली यांचं नाव तुम्हीच घेतलंत, बरं झालं. हेच ली २०२० मध्ये ट्रम्प यांच्या सभेत उभे राहिले आणि मॉर्मन ग्रंथातल्या सेनापती मोरोनीशी त्यांनी ट्रम्प यांची तुलना केली. २०२२ मध्ये त्यांच्याविरुद्ध सिनेटसाठी मॅकमलिन उभे राहिले, डेमोक्रॅटांनी आपला उमेदवारही दिला नाही, तरी ली जिंकले. युटाने ट्रम्प यांना २०२० मध्ये ५८ टक्के आणि २०२४ मध्ये ५९ टक्के दिले. रॉम्नी २०१८ मध्ये सिनेटर झाले, ५ फेब्रुवारी २०२० रोजी ट्रम्प यांना दोषी ठरवणारं एकमेव रिपब्लिकन मत त्यांनी दिलं, आणि पुढची निवडणूक न लढवता ते घरी गेले. तुमची अडीच लाख माणसं कुठे आहेत?

लेखक : काही परत गेली, यात शंका नाही. भीती ओसरली, ट्रम्प यांनी नेमलेले न्यायाधीश त्यांना हवे तसे निघाले, आणि सत्तेवर बसलेल्या आपल्या पक्षाच्या माणसाची सवय होते. पण तुमचे आकडे मी दुसऱ्या टोकाने वाचतो. तिसरा दमदार उमेदवार नसताना, सत्ताधारी अध्यक्ष असताना, ट्रम्प यांना ५८ मिळाले. बुश यांना असेच सत्तेवर असताना ७१.५ मिळाले होते. तेरा टक्के परतले नाहीत. जो बायडेन यांचे ३७.६ टक्के हे १९६४ नंतर युटात डेमोक्रॅट उमेदवाराला तोवर मिळालेले सर्वाधिक. आणि ली? २०१६ मधले ६८ टक्के २०२२ मध्ये ५३ वर आले. याचं सगळं श्रेय २०१६ च्या नकाराला देता येणार नाही. सॉल्ट लेकच्या खोऱ्यात बाहेरून माणसं येत आहेत, मॉर्मनांचं प्रमाण उतरतंय, तरुण मतदार बदलतोय. हे बदल कुणी उमेदवार असो-नसो चालूच होते. किती वाटा कशाचा, हे मला तोलून सांगता येत नाही. पण पूर्वीचं सत्तर टक्क्यांचं युटा सलग तीन निवडणुकांत दिसलेलं नाही, आणि ते हललं त्या वर्षी, ज्या वर्षी त्या मतदारांना पक्ष आणि मूल्यं यांतलं एक निवडावं लागलं.

२०२० च्या निकालाबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याच वर्षी युटाच्या विधिमंडळाने एका खुणेत सगळ्या पक्षाला मत देण्याची सोय रद्द केली. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर पक्षापुढचा तो गोल नव्हता. ट्रम्प यांना त्या वर्षी मिळालेल्या ८ लाख ६५ हजार मतांपैकी प्रत्येक मतासाठी कुणीतरी त्यांचं नाव शोधून त्यापुढचा गोल स्वतः काळा केला. २०१६ चे ५ लाख १५ हजार आणि २०२० चे ८ लाख ६५ हजार यांची तुलना करताना तुम्ही ही गोष्ट माझ्याविरुद्ध वापरू शकता, आणि ती वापरणं रास्त आहे : परतलेल्यांनीही ठरवूनच खूण केली.